नागपूरचा वकील आणि आपल्या हातातला कागद

(नवा रायपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ॲडव्होकेट राहुल बजाज यांच्याविषयी बोलायचे आहे. नाव ऐकताच पुढच्या रांगेतल्या काही जुन्या मित्रांच्या भुवया उंचावलेल्या दिसतात. नको, घाबरू नका. आकुर्डीच्या स्कूटरवाल्या बजाजांचे गुणगान करायला मी युनियनच्या व्यासपीठावर उभा राहिलेलो नाही. ते उद्योगपती २०२२ साली गेले. मी बोलतो आहे तो नागपूरचा तरुण वकील, लहानपणापासून अंध असलेला. उद्योगपती बजाजांशी त्यांचे नाते एवढेच की नाव एक आहे.

नागपूर म्हणजे आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुरातूनच चालत होता. आजही आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे तीन विभाग आहेत : बिलासपूर, रायपूर आणि नागपूर. गोंदिया-भंडाऱ्याकडची कितीतरी घरे या लायनीवर पोटापाण्यासाठी आली आणि इथलीच झाली. इथून जवळच उपरवाऱ्याला ज्यांच्या नावाचे कायदा विद्यापीठ आहे, ते सरन्यायाधीश हिदायतुल्ला शाळा शिकले रायपुरात, कॉलेज केले नागपूरच्या मॉरिसमध्ये आणि वकिलीही नागपुरातच केली. तेव्हा नागपूरच्या वकिलाची गोष्ट नव्या रायपुरात सांगितली तर त्यात काही वावगे नाही.

राहुल बजाज नागपूर विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले. तिथून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून २०१८ साली ऑक्सफर्डला गेले. या शिष्यवृत्तीवर बहुतेक वेळा मोठमोठ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या मुलांचा हक्क असल्यासारखे असते. नागपूरच्या साध्या विद्यापीठातला, तोही डोळ्यांनी न दिसणारा मुलगा तिथे पोचला, याचे त्या वेळी नागपुरात फार कौतुक झाले. परत आल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्याकडे विधी-लिपिक म्हणून काम केले, पुढे दिल्लीच्या ‘विधी’ या कायदेविषयक संस्थेत संशोधन केले, आणि मुंबईचे अंध वकील अमर जैन यांच्याबरोबर ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’ ही संस्था उभी केली.

कौतुक इथेच संपवू. अपंग माणसाच्या कर्तबगारीच्या कथा ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ‘बघा, डोळे नसताना एवढे केले, तुम्ही काय करता?’ असे मुलांना ऐकवायला त्या कथा बऱ्या पडतात. मला तो वकील वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. तो आणि त्याच्या आधीची माणसे ज्या कायद्यासाठी भांडली, तो कायदा गँगमनच्या, लोको पायलटच्या, सॉर्टरच्या आणि पोस्टमनच्या रोजच्या भाकरीचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक नाही. आपल्या शाखांच्या चिटणीसांनाही नाही, हे मी जरा धीर करून बोलतो.

आधी, ही माणसे आली कुठून ते पाहू.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेत पहिला अंध खासदार कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर आहे कलकत्त्याचे साधन गुप्ता. बालपणी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. ते बॅरिस्टर झाले, कम्युनिस्ट पक्षाचे काम केले, १९५३ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि १९५७ साली पुन्हा. १९८६ साली ते पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. सरकारचा सर्वांत मोठा वकील, आणि त्याला कागद दुसऱ्याने वाचून दाखवायचा! २०१५ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या राजकारणाशी कुणाचे जमो न जमो, अंध माणसाला जागा दान म्हणून नको, कामाच्या बळावर हवी, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर करून दाखवली.

त्यांच्या नंतरच्या पिढीत दिल्लीचे संतोषकुमार रुंगटा. हेही अंध, हेही वकील. यांचे घर म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना. मित्रांनो, नाव इंग्रजी असले तरी तिचा स्वभाव आपल्या युनियनसारखाच. सभासद, शाखा, ठराव, मोर्चा, धरणे. मार्च १९८० मध्ये नोकऱ्या मागायला दिल्लीत निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. समोरून काठी येते आहे हे ज्याला दिसत नाही अशा माणसांवर! त्या दिवसाची आठवण अंधांच्या संघटना पुढे वर्षानुवर्षे काळा दिवस म्हणून जागवत आल्या. आपल्यापैकी जे १९७४ च्या रेल्वे संपात होते, त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्या लाठ्या फुकट गेल्या नाहीत. १९९३ साली याच संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला अंध उमेदवारांना बसू द्या, ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन लिहू द्या. १९९५ साली संसदेने अपंगांसाठी पहिला मोठा कायदा केला, तीन टक्के राखीव जागा दिल्या. पण सरकारी खाती हुशार. ती म्हणाली, तीन टक्के म्हणजे फक्त अपंगांसाठी ठरवून दिलेल्या पदांवर तीन टक्के. म्हणजे आधी पदे थोडी ठरवायची आणि मग त्या थोड्यातले तीन टक्के द्यायचे. हा हिशेब मोडून काढायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिशेब संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर करायचा. संघटनेच्या बाजूने उभे होते रुंगटा. १९९५ चा कायदा ते २०१३ चा निकाल, मध्ये अठरा वर्षे. एवढ्या काळात एक भरती झालेला माणूस अर्धी नोकरी करून जातो.

आता २०१६ चा नवा कायदा आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम. एप्रिल २०१७ पासून लागू. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे, तीनऐवजी चार टक्के. ‘दिव्यांग’ हा शब्द मला व्यक्तिशः फारसा पटत नाही. पाय कापलेल्या माणसाला त्यात दिव्य ते काय, तो विचारतो जिन्याला कठडा आहे का. पण कायद्यात तो शब्द आहे, सरकारी पत्रात तो लिहावा लागेल, म्हणून सांगितला.

याच मैदानात राहुल बजाज आणि अमर जैन आले. आधीच्या पिढीने दार उघडायला लावले, ही मंडळी विचारतात की दार उघडले, पण आत जायला रस्ता आहे का? २०२२ साली बजाजांनी एका खासगी आरोग्यसेवेच्या मोबाइल ॲपविरुद्ध दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली. अंध माणूस फोन बोलका करून वापरतो. पडद्यावरचे शब्द फोन वाचून दाखवतो. पण ॲप नीट बनवलेले नसेल तर फोनला वाचायला काही सापडतच नाही. मुख्य आयुक्तांनी ते ॲप सुधारण्याचा हुकूम दिला. खासगी कंपनीही या कायद्यातून सुटत नाही, हे त्यातून दिसले.

अमर जैन यांची याचिका तर आपल्या टपालवाल्यांनी कान देऊन ऐकण्यासारखी आहे. बँकेत खाते उघडताना, सिमकार्ड घेताना आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवावे लागतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या त्या बाईने काय मिचकावायचे? अंध माणसाने चौकटीत चेहरा कसा बसवायचा? जैन यांची आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका भगिनीची अशा दोन याचिका सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला. अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हणून त्यांनी वीस निर्देश दिले.

आपले पोस्टमन बंधू आज पेन्शनरांच्या दारात जाऊन हयातीचा दाखला फोनवर काढून देतात. अंगठा उमटत नाही, चेहरा जुळत नाही, म्हातारीचा मोतीबिंदू झालेला, आणि यंत्र म्हणते ‘पुन्हा प्रयत्न करा’. शिव्या कोण खातो? पोस्टमन. यंत्र कुणी बनवले? तो तर दिल्लीत बसला आहे. तेव्हा हा निकाल पेन्शनरासाठी जितका, तितकाच दारात उभ्या असलेल्या पोस्टमनसाठीही आहे. कितीतरी वर्षे आपल्या टपाल खात्याने अंधांच्या ब्रेल पुस्तकांची जाडजूड पुडकी हशील न घेता वाहिली. पोस्टमनच्या खांद्यावरून अंधांची विद्या घरोघर गेली. या खात्याला हे काही नवे नाही.

आता रेल्वेची एक गोष्ट, थोडी कडू. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गेली. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, रेल्वे लेखा सेवा त्यांच्या वाट्याला आली. पण शंभर टक्के अंध म्हणून रेल्वेने घेतले नाही. मग त्यांना टपाल व दूरसंचार लेखा सेवा मिळाली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, २०१७ च्या निकालात १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. हिशेबाच्या कागदाला जी बाई चालली नाही, तिला केरळात उपजिल्हाधिकारी म्हणून महसूल उपविभागाचा कारभार चालला! आपल्या खात्याचे गुणदोष आपणच बोलायचे, म्हणून हे सांगितले.

परीक्षेचा आणखी एक निकाल सांगतो, कारण त्यातला एक शब्द तुम्हाला पुढे कामाला येणार आहे. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा आजार होता. त्याने लेखनिक मागितला. आयोग म्हणाला, तुझे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या यादीत बसत नाही, लेखनिक मिळणार नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या ठरावीक फायद्यांसाठी आहे. बाकीच्या बाबतीत प्रत्येक अपंग माणसाला ‘वाजवी सोय’ मिळालीच पाहिजे. वाजवी सोय म्हणजे काय? ज्याला उभे राहता येत नाही त्याला स्टूल. ज्याला ऐकू येत नाही त्याला लेखी सूचना. ज्याची पाठ गेली त्याला बॅग न उचलायचे काम. साहेबाची मेहेरबानी म्हणून मिळते ती वाजवी सोय नव्हे. ती न देणे हा भेदभाव आहे, असे कायदा म्हणतो. मिशन ॲक्सेसिबिलिटीने आयोगाचा पाठलाग पुढेही सोडला नाही. त्यांच्या याचिकेवर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेच्या सात दिवस आधीपर्यंत लेखनिक बदलू द्या, आणि संगणकावर वाचून दाखवण्याची सोय कशी व कधी करणार ते सांगा.

बंधूंनो, आता मी मुद्द्यावर येतो. हे सगळे अंध वकिलांचे, परीक्षांचे झाले. आपले काय?

अपंग कोण, असे विचारले तर आपण कोपऱ्यातल्या कुणाकडे तरी बोट दाखवतो. पण रेल्वेत अपंगत्व भरतीनंतर येते. रुळांवर काम करताना बोटे जातात. शंटिंगमध्ये पाय जातो. लोको पायलटची पंचेचाळिशीनंतरची डोळ्यांची तपासणी, ए-वनची, तिच्या आदल्या रात्री किती घरांत झोप नसते ते इथल्या वहिनींना विचारा. टपालातही तेच. सायकलवरून पडून गुडघा गेलेला पोस्टमन, रात्रपाळीत नजर गमावलेला सॉर्टर.

या माणसासाठी कायद्यात एक कलम आहे. १९९५ च्या कायद्यात ते ४७ वे होते, आता २० व्या कलमाचे चौथे उपकलम आहे. नोकरीत असताना कर्मचाऱ्याला अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने त्याला काढायचे नाही आणि त्याचा दर्जा कमी करायचा नाही. त्या पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच फायद्यांसह दुसऱ्या पदावर न्यायचे. तसे पद नसेल तर अधिसंख्य पद तयार करून त्यावर ठेवायचे, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. यासाठी रेल्वेने १९९९ साली आपल्या नियमपुस्तकात बदल केले. रनिंग स्टाफमधला माणूस मेडिकल डीकॅटेगराइज झाला तर दुसऱ्या पदावर पगार ठरवताना मूळ वेतनात तीस टक्के रनिंगचा हिस्सा धरायचा असतो. किती शाखांनी तो धरला आहे की नाही ते तपासून पाहिले?

या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आहेत. त्यातले दोन सांगतो. २००३ साली कुणाल सिंग या जवानाच्या प्रकरणात, पाय कापावा लागलेल्या त्या माणसाला घरी बसवून पेन्शन दिले म्हणून ४७ व्या कलमाचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरे प्रकरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्या घरोघरचे आहे. पंजाबच्या वीज मंडळातला एक सहायक लाइनमन. नोकरीत असतानाच पूर्ण आंधळा झाला. कायदा त्याला ठाऊक नव्हता. त्याने अर्ज दिला की मला निवृत्त करा आणि माझ्या बायकोला नोकरी द्या. मंडळाने पहिले वाक्य मान्य केले, दुसरे सोडून दिले! निवृत्त केले, बायकोला नोकरी नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज बाजूला सारला. हक्क ठाऊक नसलेल्या माणसाकडून आलेला कागद त्याच्याच विरुद्ध वापरता येणार नाही, कायदा त्याला सांगणे हे मंडळाचे काम होते, असे म्हणून त्याला नोकरीत मानले.

हे आपल्या घरांत कसे घडते ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. डॉक्टरचा शिक्का बसला की घरचेच म्हणतात, ‘बाबा, तुम्ही आता आराम करा, पोराला चिकटवू.’ बापालाही वाटते, आपले झाले, पोराचे भले होऊ दे. रेल्वेत काही अटींवर अशी अनुकंपा नेमणुकीची वाट आहे, हे खरे. पण ती नेमणूक मिळू शकते एवढेच, तो हक्क नाही. त्या बापाची नोकरी मात्र हक्क आहे. हातातला हक्क सोडून हातात नसलेल्या आशेवर सही करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी पोराच्या भल्याच्या आड येणार नाही. पण सही करण्याआधी त्याला हे दोन्ही सांगितले गेले होते का, हे बघणे युनियनच्या शाखेचे काम आहे. निदान दवाखान्याचा कागद हातात पडल्यावर माणूस आधी आपल्याकडे यावा, बडे बाबूच्या टेबलावर नंतर जावा.

आणि केवळ संसदेचा कायदाच उपयोगी पडतो असे नाही. आंध्र-तेलंगणाच्या एसटीतला एक चालक २०१६ साली रंगांधळा ठरला म्हणून त्याला घरी पाठवले. रंगांधळेपणा अपंगत्वाच्या यादीत नाही, म्हणून अपंग कायदा त्याच्या मदतीला येईना. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावले, पंचवीस टक्के थकबाकी द्यायला लावली. कशाच्या जोरावर? १९७९ साली युनियनने महामंडळाशी केलेल्या कराराच्या एका कलमाच्या जोरावर. रंगांधळ्या चालकाला पगार राखून दुसरे काम द्यायचे, असे त्या करारात होते. ज्यांनी त्या करारावर सह्या केल्या, त्यांच्यातले किती जण आज हयात असतील कोण जाणे. शेहेचाळीस वर्षांनी त्यांच्या कागदाने एका घराची चूल पेटवली. आपल्या ऑफिसातल्या जुन्या करारांच्या फायली रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा, एवढेच म्हणतो.

कंत्राटी कामगाराचे काय, असा प्रश्न मागून आला आहे. योग्य प्रश्न आहे. स्टेशनवर झाडू मारणारा, पार्सल उचलणारा, ठेकेदाराचा माणूस, याच्या वाट्याला हे चौथे उपकलम सरळ येत नाही. तो सरकारी आस्थापनेचा कर्मचारी धरला जात नाही. ग्रामीण डाक सेवकाचे पद ‘सिव्हिल पोस्ट’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले आहे, तेव्हा त्याच्यासाठी भांडायला पाया आहे. ठेकेदाराच्या माणसासाठी पाया आपल्यालाच रचावा लागेल. अपंगांच्या संघटनांनी तरी कुठे तयार पाया होता म्हणून सुरुवात केली?

करायचे काय, ते थोडक्यात. कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. आपल्या विभागात तो कोण, त्याचे नाव लेखी मागा. तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तिथे भागले नाही तर दिल्लीचे मुख्य आयुक्त आहेत, आणि नोकरीच्या तक्रारीसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहेच. अर्जात ‘दया करावी’, ‘कृपा व्हावी’ असे शब्द लिहू नका. ‘कलम २०(४) प्रमाणे’ असे लिहा. वकिली भाषा जमली नाही तरी चालेल, कलमाचा आकडा चुकू देऊ नका.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. कलम २० आणि २३ चा मराठी तर्जुमा आपल्या सहकाऱ्यांनी टाइप करून आणला आहे, बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. प्रत्येक शाखेने एक प्रत न्यावी. ज्यांच्या ओळखीत कुणी मेडिकल अनफिट ठरून घरी बसला असेल, त्यांनी त्याचे नाव, विभाग आणि तारीख त्याच टेबलावरच्या वहीत लिहून जावे. संध्याकाळी चारनंतर आम्ही ती वही घेऊन बसणार आहोत.